किडींची छायाचित्रे कोठे ठेवावीत? साठवण-यंत्रणेच्या खरेदीविषयी एका कीटकशास्त्रज्ञाचे मत

२०१८ सालच्या एप्रिल महिन्यात आमच्या विभागातील एक साठवणपेटी बंद पडली. चार डिस्क बसणारी, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारी, दिसायला अगदी साधी पेटी. मागील खरीप व रब्बी हंगामांत मका, तूर आणि कापूस या पिकांवर घेतलेली छायाचित्रे तिच्यात होती. त्यांतील बरीचशी विस्तार कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बांधवांनी पाठविलेली होती. चारपैकी एक डिस्क निकामी झाली तरी माहिती शाबूत राहते, असे खरेदीच्या वेळी सांगण्यात आले होते आणि ते खोटे नव्हते. एक डिस्क गेली. आम्ही नवी बसविली. उरलेल्या तीन डिस्कवरून नव्या डिस्कची भरपाई सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती अर्ध्यावर असताना दुसरी डिस्क गेली. चारही डिस्क एकाच खोक्यातून, एकाच तुकडीतील आल्या होत्या. एकाच खोलीत, तेवढ्याच उष्णतेत त्यांनी तेवढीच वर्षे काढली होती. त्या जवळपास एकाच वेळी थकल्या यात आश्चर्य काहीच नव्हते. आश्चर्य याचे, की एकाच वाणाने सगळे शिवार व्यापले की काय होते हे वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या आम्हा मंडळींच्या ते लक्षात आले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्नाटकातील शिवमोगा भागात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळल्याची वार्ता आली. ही कीड भारतात प्रथमच नोंदली जात होती. साहजिकच सर्वांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला : ती आदल्या हंगामातच आली होती काय? डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि आठव्या उदरखंडावर चौकोनात मांडलेले चार ठिपके चांगल्या छायाचित्रात स्पष्ट ओळखता येतात. २०१७ च्या मक्याची छायाचित्रे असती तर एका आठवड्यात ती तपासून आम्ही काहीतरी ठामपणे सांगू शकलो असतो. तो पुरावा आमच्या हातून गेला होता. पुन्हा तो हंगाम येणार नव्हता.

आज कृषी संशोधन संस्थांमध्ये मोठ्या साठवण-यंत्रणांच्या खरेदीचे प्रस्ताव तयार होत आहेत. आमच्या संस्थेतील अशा एका समितीत ‘वापरकर्ता विभागाची प्रतिनिधी’ म्हणून मला बसविण्यात आले. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु समितीच्या निमित्ताने दीड वर्ष जे वाचले, विचारले आणि प्रत्यक्ष पाहिले, त्यावरून माझी काही मते बनली आहेत. ती या वार्तापत्राच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच, की या यंत्रणांत जे साठविले जाणार आहे ते आपण पाठविलेले आहे.

प्रथम प्रमाणाची कल्पना यावी. छायाचित्र घेणारे ५०० सापळे शेतांत लावले, प्रत्येकाने तासाला एक छायाचित्र घेतले आणि एका छायाचित्राचा आकार ६ मेगाबाइट धरला, तर दिवसाला ७२ गिगाबाइट होतात. १८० दिवसांच्या हंगामात ते सुमारे १३ टेराबाइटवर जाते. हे अजून थोडेच आहे. संग्रहालयातील टाचणीला टोचलेल्या कीटकाचे सूक्ष्म छायाचित्रण करावयाचे झाल्यास वेगवेगळ्या खोलीवरची ४० चित्रे घेऊन ती एकत्र करावी लागतात. एकेक चित्र ५० मेगाबाइटचे असेल तर एका नमुन्यामागे २ गिगाबाइट लागतात. लाखभर नमुन्यांचे २०० टेराबाइट झाले. यात जनुकीय माहिती, ड्रोनची चित्रे, हवामानाच्या नोंदी मिळविल्या की हजार टेराबाइटचा, म्हणजे एक पेटाबाइटचा, टप्पा फार दूर राहत नाही.

एवढी माहिती ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, एखाद्या मोठ्या कंपनीची एकच भारदस्त, महागडी पेटी घेणे. तिच्यातील यंत्र, नियंत्रक, डिस्क, सॉफ्टवेअर सर्व त्यांचेच, आणि पाच वर्षांनी देखभालीचा करार संपला की दरही तेच ठरविणार. दुसरा मार्ग सॉफ्टवेअर-आधारित साठवणीचा. यात बाजारात सर्वत्र मिळणारे साधे सर्व्हर घ्यावयाचे, त्यांत डिस्क भरावयाच्या आणि माहिती कोठे ठेवायची, किती प्रती करायच्या, एखादी डिस्क मेली तर भरपाई कशी करायची, ही सारी अक्कल सॉफ्टवेअरकडे सोपवायची. ‘सेफ’ ही या प्रकारातील मुक्त-स्रोत प्रणाली जगभर वापरात आहे. सेज वाइल या संशोधकाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत पीएच.डी.साठी केलेल्या कामातून ती जन्मली. २००६ मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जिनिव्हाजवळील ‘सर्न’ ही अणुसंशोधन संस्था २०१३ पासून ती वापरीत आहे. तिचे नाव माखली, ऑक्टोपस यांच्या सेफॅलोपॉड वर्गावरून घेतले आहे. कीटकांवरून का घेतले नाही, अशी किंचित खंत मला आहे. असंख्य लहान जीवांनी मिळून, मध्यवर्ती हुकुमाशिवाय वारूळ चालविण्याचा प्रकार तिच्यात हुबेहूब दिसतो. कोणती वस्तू कोठे ठेवली याची एकच वही ही प्रणाली बाळगत नाही. वस्तूच्या नावावरून तिची जागा गणिताने काढता येते, आणि ते गणित प्रत्येक सदस्य स्वतः करू शकतो.

माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. मात्र ‘साधे सर्व्हर’ याचा अर्थ ‘मिळतील ते सर्व्हर’ असा घेतला जातो, आणि चुका तेथूनच सुरू होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे थोड्या मोठ्या यंत्रांत सगळे कोंबणे. निविदेत प्रति टेराबाइट दर पाहिला जातो, आणि ६० डिस्क मावणारा एक सर्व्हर १२ डिस्कच्या पाच सर्व्हरपेक्षा स्वस्त पडतो. कागदावर हिशेब बरोबर असतो. पण हा सर्व्हर बंद पडला तर काय? २० टेराबाइटच्या ६० डिस्क म्हणजे १२०० टेराबाइट, त्या ७० टक्के भरल्या असतील तर ८४० टेराबाइट माहितीची प्रत एका क्षणात नाहीशी होते. ती पुन्हा उभी करण्याचे ओझे उरलेल्या यंत्रांवर पडते, आणि ती यंत्रे मोजून तीनच असतील तर त्यांच्यात तेवढी रिकामी जागाही नसते. याउलट बारा-बारा डिस्कची यंत्रे अधिक संख्येने असली, तर एक गेल्याचा धक्का सर्वांत वाटला जातो. संग्रहालयात आम्ही एका जातीचे सर्व नमुने एका पेटीत ठेवीत नाही, दुर्मीळ नमुने तर दुसऱ्या संस्थेतही ठेवतो. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि सुमारे ५० लाख कीटकांचा संग्रह भस्मसात झाला. तो बहुतांशी एकाच छपराखाली होता.

यंत्रांची किमान संख्या माहिती कशी राखणार यावरही ठरते. प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती ठेवल्या तर कामकाज सोपे आणि वेगवान होते, पण १०० टेराबाइटसाठी ३०० टेराबाइटच्या डिस्क लागतात. दुसऱ्या पद्धतीत वस्तूचे चार तुकडे करून त्यांवरून गणिताने आणखी दोन पूरक तुकडे तयार करतात. या सहांपैकी कोणतेही चार हाती असले की मूळ वस्तू परत मिळते. येथे १०० टेराबाइटसाठी १५० पुरतात. परंतु सहा तुकडे सहा वेगवेगळ्या यंत्रांवर असतील तरच या पद्धतीला अर्थ आहे, आणि एक यंत्र गेल्यावर त्याच्या तुकड्यांना नवे घर मिळावयाचे तर सातवे यंत्र हवे. एका प्रस्तावात मी चार यंत्रांवर ही पद्धत सुचविलेली पाहिली. एकाच यंत्रावर दोन-दोन तुकडे बसणार होते. दोन यंत्रे बंद पडताच चार तुकडे जाणार आणि माहिती हातची सुटणार. सादरीकरण देखणे होते, आणि बैठकीत कोणी शंका घेतली नाही.

आमच्या समितीने शेवटी असा आराखडा धरला : आठ यंत्रे, प्रत्येकी १२ डिस्क, प्रत्येक डिस्क १६ टेराबाइट. एकूण १५३६ टेराबाइट. चार अधिक दोन या पद्धतीने त्यातील १०२४ टेराबाइट वापरायोग्य. पण तेवढे भरावयाचे नाही. ही प्रणाली ८५ टक्क्यांवर धोक्याची सूचना देते आणि ९५ टक्क्यांवर लिहिणेच थांबविते. आठपैकी एक यंत्र गेल्यावर उरलेल्या सातांत सगळे मावले पाहिजे. ७० टक्के भरलेले असताना एक यंत्र गेले तर बाकीची ८० टक्क्यांवर जातात, हे चालते. म्हणून खरी उपयुक्त क्षमता सुमारे ७१५ टेराबाइट. वित्त विभागाने विचारले, “पैसे पंधराशेचे आणि वापर सातशेचा?” प्रश्न रास्त आहे. कणगीत धान्य किती मावते यापेक्षा उंदीर, भुंगा आणि ओल यांतून वर्षअखेर किती हाती राहते, याचा हिशेब शेतकरी करतो, तोच हा.

नेटवर्क हा दुसरा दुर्लक्षित भाग. सामान्य फिरत्या डिस्कचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइट धरला, तर बारा डिस्क मिळून २४०० मेगाबाइट होतात. नेटवर्कच्या भाषेत हे १९ गिगाबिटहून अधिक आहे. कार्यालयात सर्रास आढळणारी एक गिगाबिटची जोडणी सेकंदाला सुमारे १२० मेगाबाइट नेते, म्हणजे एका डिस्कचाही वेग तिच्यात मावत नाही. बारा मोटारींच्या विहिरीला ठिबकची नळी जोडल्यासारखे हे आहे. २५ गिगाबिटची जोडणी आणि दोन स्विच, एक गेला तर दुसरा, एवढे मी किमान मानते. वरच्या ८४० टेराबाइटचेच उदाहरण घ्या. दहा यंत्रांच्या समूहात एक गेले आणि उरलेली नऊ यंत्रे एक गिगाबिटवर असली, तर भरपाईला नऊ दिवस लागतील, तेही दुसरे काहीच काम न करता. त्या नऊ दिवसांत आणखी काही बिघडणार नाही, यावर विसंबून राहावयाचे. मी एकदा एक दिवस विसंबून राहिले होते.

डिस्कच्या निवडीत एक गोष्ट निविदेत शब्दशः लिहिली पाहिजे. काही डिस्कमध्ये लेखनाच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून रचलेल्या असतात. त्यामुळे जागा वाढते, पण मधली एक पट्टी बदलावयाची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सलग लिहून ठेवायच्या माहितीला त्या ठीक, परंतु समूहात भरपाई चालू असताना त्यांचा वेग कोसळतो. २०२० मध्ये काही डिस्कमध्ये हे तंत्र ग्राहकाला न सांगता वापरले गेल्याचे उघडकीस आले होते. म्हणून ‘पारंपरिक लेखनपट्टीची डिस्क’ असा स्पष्ट उल्लेख हवा. डिस्क एकाच तुकडीतील नसाव्यात, शक्य तर दोन उत्पादकांच्या असाव्यात, असा आग्रहही मी धरला. पुरवठादाराने नाक मुरडले. गुलाबी बोंडअळीचा बीटी कपाशीतील अनुभव सांगितल्यावर समितीतील इतर कृषिशास्त्रज्ञांना मुद्दा लगेच पटला. सगळे संरक्षण एकाच गुणधर्मावर उभे केले की त्याला भेदणारे एकच कारण पुरते.

डिस्क किती मरतात, याचे उत्तर अंदाजावर सोडण्याची गरज नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासूनची आपल्या डिस्कच्या बिघाडांची आकडेवारी खुली करीत आहे. अलीकडच्या वर्षांत तिचे प्रमाण वर्षाला एक ते दीड टक्क्याच्या आसपास आहे. आमच्या ९६ डिस्कना हे लावले तर वर्षाला एक-दोन जातील. आपल्याकडील उष्णता आणि विजेचे झटके पाहता मी चार धरते. त्या चार सुट्या डिस्क पहिल्याच दिवशी कपाटात असाव्यात. नव्या डिस्कची मागणी मंजूर होईपर्यंत हंगाम उलटतो, हे आपण सर्व जाणतो.

फिरत्या डिस्कच्या जोडीला प्रत्येक यंत्रात एसएसडी हव्यात. कोठे काय ठेवले याच्या बारीक नोंदी त्यांच्यावर राहतात, त्यामुळे काम पुष्कळ सुधारते. परंतु एका एसएसडीवर सहा डिस्कच्या नोंदी असतील तर ती गेल्याबरोबर सहाही डिस्क गेल्या असे समजावे. बारा डिस्कच्या यंत्रात म्हणून निदान दोन एसएसडी घ्याव्यात, आणि त्या वीज अचानक गेली तरी हातातले लेखन पूर्ण करणाऱ्या, आत संधारित्र असलेल्या, सर्व्हरसाठीच्या घ्याव्यात. घरगुती संगणकाच्या एसएसडी स्वस्त असतात, जाहिरातीतील वेगही मोठा असतो, पण प्रत्येक लेखनाची पक्की पोच द्यावयाची वेळ आली की त्यांचा वेग ओसरतो. मेमरी चूक सुधारणाऱ्या प्रकारचीच असावी. सेफ प्रत्येक डिस्कमागे मुळात ४ गिगाबाइटचे लक्ष्य धरते, भरपाईच्या वेळी त्याहून अधिक लागते. बारा डिस्कना १२८ गिगाबाइट घेतली की चिंता नाही. प्रोसेसरविषयी फार वाद घालू नये, मध्यम दर्जाचा पुरतो. डिस्कवर स्वतःची हुशारी चालविणारे रेड-कार्ड मात्र घेऊ नये. एका शेताला दोन कारभारी झाले की पाळीचे पाणी दोघेही सोडत नाहीत. डिस्क जशी आहे तशी सॉफ्टवेअरला दाखविणारे साधे जोडकार्ड हवे.

एक अनुभव विजेचा. प्रत्येक सर्व्हरला दोन वीजपुरवठा-संच असतात, आम्ही तसे मागितले आणि तसे आलेही. मांडणी झाल्यावर मी सहज मागे जाऊन पाहिले, तर दोन्ही वायरी एकाच फळीत खोचलेल्या होत्या, आणि ती फळी एकाच यूपीएसला. बसविणाऱ्या तंत्रज्ञाची चूक म्हणणार नाही, कारण आम्ही निविदेत ‘दोन’ लिहिले होते, ‘दोन वेगळ्या यूपीएसवरून’ असे लिहिले नव्हते. वीज आणि गारवा यांचा खर्च प्रस्तावात धरलाच पाहिजे. आठ यंत्रे मिळून तीन किलोवॉट घेतात असे मानले तरी वर्षाला सुमारे २६ हजार युनिट होतात, आणि वातानुकूलन त्याच्यावर वेगळे. उन्हाळ्यात जनित्र सुरू होईपर्यंत यंत्रे यूपीएसवर चालतात, पण वातानुकूलन बंद असते. खोली किती मिनिटांत तापते, हे एकदा मुद्दाम मोजून पाहावे.

संग्रहालयातील पेट्या पावसाळ्यात दर काही दिवसांनी उघडून पाहाव्या लागतात. अँथ्रेनस या भुंगेऱ्याच्या अळ्या आत शिरल्या तर वरून काहीच दिसत नाही, तळाशी फक्त बारीक भुकटी साठते. डिस्कवरील माहितीही अशी गुपचूप कुजते. सेफ आपल्या वस्तू ठरावीक काळाने वाचून, त्यांची पडताळणी-संख्या जुळवून पाहते. संपूर्ण तपासणी साधारण आठवड्याला एकदा होते. या वाचनाचा भार डिस्कवर पडतो, म्हणून कोणी ती बंद करून वेग वाढविण्याचा सल्ला देतात. डांबरगोळ्यांचा वास सहन होत नाही म्हणून पेटीतून त्या काढून टाकण्यासारखा तो सल्ला आहे.

या सर्वांनंतर एक अप्रिय गोष्ट सांगावयास हवी. ज्या संस्थेची माहिती शंभर टेराबाइटच्या आत आहे, जेथे ही प्रणाली समजणारी निदान दोन माणसे कायम पदावर नाहीत, तिने असा समूह उभारू नये. कृषी विज्ञान केंद्रांनी तर मुळीच नको. एक माणूस सर्व जाणतो आणि त्याची बदली होते, हे मी पाहिले आहे. त्यांनी आपली माहिती मोठ्या केंद्राकडे नियमित पाठवावी आणि एक प्रत जवळ ठेवावी. समूह म्हणजे प्रतिसाठा नव्हे, हेही विसरू नये. चुकून पुसलेली फाइल सर्व ठिकाणांहून तितक्याच तत्परतेने पुसली जाते. दिल्लीतील माहिती केंद्राला जोड म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये हैदराबाद येथे ‘कृषी मेघ’ उभारले, ते याच विचाराने. दुसरी प्रत दुसऱ्या गावी, निराळ्या यंत्रणेवर असावी. आमच्या आराखड्यात यासाठी पैसा शेवटी आला आणि कपात करताना पहिली कात्री तेथेच लागली. मी लेखी असहमती नोंदविली आहे. आठऐवजी सात यंत्रे घ्या, पण दुसरी प्रत राहू द्या, असे माझे म्हणणे आहे. त्यावर निर्णय अजून व्हायचा आहे.

आता एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या जुन्या मोबाइलमध्ये, मेमरी कार्डावर किंवा कार्यालयातील संगणकात २०१७ च्या खरीप अथवा रब्बी हंगामातील मक्यावरील अळीची छायाचित्रे असतील, तर ती या वार्तापत्राच्या संपादकांमार्फत पाठवावीत. अस्पष्ट असली तरी चालतील. ती व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवू नयेत, कारण त्यात चित्र लहान होते आणि तारीख व स्थान यांची आतील नोंद निघून जाते. मूळ फाइल ई-मेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, सोबत गावाचे नाव, पेरणीची तारीख आणि पिकाची अवस्था लिहावी.